पाचवी ट्यूब: काटोल रोडवरच्या एका कोठ्यातलं प्रकरण

१३ नोव्हेंबरच्या सकाळी साडेसातला दूध संकलन केंद्रावरच्या मुलाचा फोन आला. काकाजींचं दूध परत केलं होतं, २२ लिटर. फॅट ठीक, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ठीक, पाणी नाही, सोडा नाही. पण अँटिबायोटिकच्या पट्टीवर दूध नापास. "सर, तुमचंच औषध चालू असन न त्यांच्याकडं?" त्यानं विचारलं. त्या 'तुमचंच'चा रोख मला बरोबर कळला.

प्रकरण लिहून ठेवतोय ते त्या एका शब्दामुळे. मी जनावरांचा डॉक्टर. माझं कोणतंही औषध त्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, चालू नव्हतं, असं मी त्याला ठामपणे सांगितलं होतं. ते अर्धंच खरं निघालं.

गावाचं नाव देत नाही. नागपूरहून काटोल रोडनं तासाभराच्या आत येतं एवढं पुरे. काकाजी साठीच्या जवळपासचे. पाच एकर संत्रा, आणि कोठ्यात चार जनावरं: दोन एचएफ संकरित गाई, एक गवळाऊ, एक नागपुरी म्हैस. संत्र्याचा बहार देवाच्या हाती. दुधाचे पैसे मात्र दर दहा दिवसांनी येतात आणि किराणा त्यावरच भरला जातो. म्हणून २२ लिटरचा कॅन परत येणं या घराला लहान गोष्ट नव्हती. अपमान वेगळाच, कारण केंद्रावर सगळं गाव उभं असतं.

संध्याकाळी पोचलो तेव्हा काकाजी ओसरीवर बसले होते. चहाआधीच सुरू झाले. "डॉक्टरसाहेब, महिनाभर एकाही गाईले सुई लागली नाही. मंग औषध आलं कोठून? अन् घरी दही तं लागलं न! औषध असतं तं दही लागलं असतं का?"

दह्याची ही परीक्षा आमच्या भागात घरोघरी मानतात, आणि तिच्यात तथ्य आहे. दुधात पेनिसिलिनसारखं औषध भरपूर असेल तर विरजणातले जंतू दबतात, दही लागत नाही, पाणी सुटतं. पण त्यासाठी औषध भरपूर लागतं. गाईला लावलेलं औषध क्लॉक्सॅसिलिन असेल तर विरजण त्याला बरंच दाद देत नाही. पट्टी ज्या पातळीला बोलते तिच्या कितीतरी पट औषध असलं तरी घरचं दही आरामात लागतं. युरोपीय संघात दुधातल्या क्लॉक्सॅसिलिनची कमाल मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. काकाजींच्या २२ लिटरला हा हिशेब लावला तर साधारण ६६० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी. काकूंच्या भांड्यातल्या विरजणाला एवढ्याचा पत्ताही लागणार नाही.

पट्टीबद्दलही एक घोळ मिटवावा लागला. केंद्रावरच्या पट्टीवर औषध असलं की रेघ उमटत नाही. मूळ रचनाच तशी आहे: पट्टीवरचा पदार्थ औषधाला पकडायला टपलेला असतो; दुधात औषध नसेल तर तो मोकळा राहतो आणि पुढे जाऊन रेघ काढतो, दुधात औषध असेल तर तो आधीच अडकतो आणि रेघेची जागा कोरी राहते. काकाजींच्या मुलानं ती पट्टी पाहिली होती आणि "एक रेघ आलीच नाही म्हणजे काहीच निघालं नाही" असं घरी येऊन सांगितलं होतं. त्यामुळे घरात सगळ्यांची खात्री होती की केंद्रानं मुद्दाम दूध मारलं.

म्हशीवर संशय

घरातला पहिला आरोप म्हशीवर गेला. आठ-नऊ दिवसांपूर्वी तिला ताप होता आणि गावात येणाऱ्या एका खासगी माणसानं तिला एन्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) आणि मेलॉक्सिकॅम (ताप-सुजेचं औषध) यांची इंजेक्शनं दिली होती, तीन दिवस. काकाजींच्या हिशेबात 'गाईले सुई लागली नाही' हे खरंच होतं, कारण म्हैस म्हणजे गाय नव्हे. काकू म्हणाल्या, "आता तं आठ दिवस झाले. लिव्हरनं पचवलं असन."

इथे थोडं थांबतो. 'लिव्हर औषध पचवून टाकतं' हा समज शेतकऱ्यांपुरता नाही, तो आमच्या व्यवसायातही फिरतो. यकृत औषधाचं रूप बदलतं. पहिल्या टप्प्यात रेणूला कुठेतरी ऑक्सिजन जोडतं नाहीतर एखादा तुकडा तोडतं. दुसऱ्या टप्प्यात त्याला ग्लुकुरॉनिक आम्लासारखी पाण्यात विरघळणारी शेपटी लावतं, म्हणजे मूत्रपिंडाला ते सहज बाहेर फेकता येतं. पहिल्या टप्प्यात जे तयार होतं ते मेलेलं असतंच असं नाही. एन्रोफ्लॉक्सासिनचा एक एथिल गट यकृतात तुटतो आणि उरतं ते सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं तेच. गाई-म्हशींच्या दुधात मूळ औषधापेक्षा हे बदललेलं रूपच बहुतेक जास्त सापडतं. म्हणून युरोपात दुधाची मर्यादा मोजताना दोघांची बेरीज धरतात: किलोमागे १०० मायक्रोग्रॅम. नुसतं एन्रोफ्लॉक्सासिन मोजलं तर अर्धा हिशेब सुटतो.

जंताच्या औषधाचंही तसंच. अल्बेंडाझोल यकृतात सल्फॉक्साइड होतं आणि जंत मारण्याचं काम मुख्यतः तेच करतं. एसिक्लोफिनॅकचं उदाहरण तर विदर्भातल्या माणसानं विसरूच नये. डायक्लोफिनॅक हे सूज-वेदनेचं औषध मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांच्या मूत्रपिंडांना मारतं म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. मग एसिक्लोफिनॅक वापरात राहिलं, आणि गुरांच्या शरीरात त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. नाव बदललेलं औषध गाईच्या अंगात जाऊन जुनं नाव परत लावून घेत होतं. ते बंद व्हायला २०२३ उजाडलं. त्याच वेळी केटोप्रोफेनही बंद झालं. म्हशीला मेलॉक्सिकॅम दिलं होतं हे ऐकून मला बरं वाटलं, कारण गिधाडांना ते निर्धोक आहे. देणाऱ्यानं ते गिधाडांचा विचार करून दिलं असेल असं मात्र वाटत नाही.

आणि ढेप. सरकी ढेपेला बुरशी लागली की तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन बी-१ यकृतात बदलून एम-१ होतं आणि दुधात उतरतं. हे औषध नाही, पण वाट तीच. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी अँटिबायोटिकमध्ये ७७ नापास झाले, अफ्लाटॉक्सिन एम-१ मध्ये ३६८. काकाजींची ढेप मी दर भेटीत हातात घेऊन हुंगतो. त्या दिवशीही हुंगली. कोरडी होती.

म्हशीवरचा आरोप मात्र टिकला नाही. केंद्राची पट्टी बीटा-लॅक्टम आणि टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या दोन घराण्यांपुरती होती. एन्रोफ्लॉक्सासिन तिला दिसतच नाही. गेलेली रेघ बीटा-लॅक्टमची होती, म्हणजे पेनिसिलिन, अँपिसिलिन, क्लॉक्सॅसिलिन, सेफ्टिओफर यांपैकी कोणीतरी. म्हशीचं दूध निर्दोष होतं असं यातून सिद्ध होत नाही. फक्त या गुन्ह्यात ती नव्हती. तिच्या दुधाचा हिशेब वेगळा मांडला. इंजेक्शनच्या बाटलीवर दुधाचे दिवस लिहिलेले नव्हते. अशा वेळी आपल्याकडे औषध नियमांतला ९७ वा नियम लागतो: खाद्य-जनावरांच्या औषधाचा काळ तपासून ठरवलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८. शेवटच्या इंजेक्शनला सहाच दिवस झाले होते. काकू मोजत होत्या ते पहिल्या सुईपासून. म्हणजे म्हशीचं दूधही केंद्रावर जायला नको होतं, आणि गेलं होतं, आणि पास झालं होतं.

चार जनावरं, चार सड

केंद्रावरून पट्ट्यांचं पाकीट मागून आणलं. चारही जनावरांचं दूध वेगवेगळं घेतलं. म्हैस, गवळाऊ आणि दुसरी एचएफ: रेघा ठसठशीत. गंगी, म्हणजे पहिली एचएफ: रेघ गायब.

गंगी ७ नोव्हेंबरला व्याली होती. पहिले चार दिवस तिचं दूध घरातच राहिलं, ११ च्या संध्याकाळी कॅनमध्ये आलं. त्यानंतर तीन वेळा ते केंद्रावर गेलं आणि कुणालाच काही दिसलं नाही, कारण तेव्हा पट्टी फक्त कूलरच्या एकत्र दुधाला लावत होते. कूलरमध्ये ९०० लिटर, काकाजींचे २२. चाळीस पट पाणी घातल्यासारखंच झालं. १३ ला एकेका शेतकऱ्याचा नमुना घ्यायची पाळी होती म्हणून सापडलं. या विरळ होण्यावर दुधाच्या धंद्यात बरेच लोक निवांत झोपतात. मला ते पटत नाही, कारण त्या तीन वेळचं औषध कुठे गेलं नाही. ते वाटलं गेलं.

गंगीला व्याल्यानंतर खरंच सुई लागली नव्हती. तिला औषध मीच दिलं होतं, ३० सप्टेंबरला, आटवताना. चार सडांत चार ड्राय ट्यूब, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद केलेल्या गाईच्या सडात भरायच्या औषधाच्या नळ्या. आधीच्या वेतात तिला दोनदा कासदाह झाला होता, म्हणून भाकडकाळात कास स्वच्छ व्हावी हा उद्देश.

ही ट्यूब म्हणजे ५०० मिलिग्रॅम क्लॉक्सॅसिलिन, पण बेंझाथिन क्षाराच्या रूपात आणि तेलकट, घट्ट लगद्यात. दुभत्या गाईच्या ट्यूबमध्ये त्याच क्लॉक्सॅसिलिनचा सोडियम क्षार असतो, तो साखरेसारखा विरघळतो आणि काही दिवसांत धारेबरोबर निघून जातो. बेंझाथिनचं वागणं गुळाच्या ढेपेसारखं, बाहेरून थोडं थोडं झिजत राहतं. औषध एकच, यकृत तेच, मूत्रपिंड तेच. रक्तात पोचलेलं पेनिसिलिन मूत्रपिंड काही तासांत उपसून टाकतं. त्या बाबतीत गाईचं शरीर फार तत्पर आहे. पण उपसायला आधी ते रक्तात नाहीतर धारेत यावं लागतं. भाकड गाईची कास बंद असते, सडाच्या तोंडाला केराटिनचं बूच बसलेलं, धार काढून धुणं नाही. अशा कासेत औषध किती दिवस राहील हे शरीराच्या निकासावर नव्हे, गूळ किती हळू विरघळतो त्यावर ठरतं. आम्हाला कॉलेजात हे दोन दरांच्या भाषेत शिकवलं होतं: शोषण जर निकासापेक्षा संथ असेल तर शेवटी रेंगाळणारं औषधाचं शेपूट शोषणाचं असतं. सेमिनरी हिल्सवरच्या वर्गात ते आकृतीत कळलं होतं. काकाजींच्या ओसरीवर दुसऱ्यांदा कळलं.

माहितीपत्रकावर दोन गोष्टी होत्या. भाकडकाळ ४२ दिवसांपेक्षा जास्त असेल तर व्याल्यावर ४ दिवस दूध वापरू नये. ४२ च्या आत व्याली तर ट्यूब दिल्या दिवसापासून ४२ दिवस, आणि वर ४. मी काकाजींना पहिलंच वाक्य सांगितलं होतं, कारण माझ्या हिशेबानं गंगीला आटवून व्यायला ६० दिवस मिळणार होते. रेतन २२ फेब्रुवारीला, २८० दिवस धरून तारीख २९ नोव्हेंबर. ती व्याली ७ तारखेला. तीन आठवडे लवकर.

"लवकर व्याली, पण वासरू तं चांगलं आहे," काकाजी म्हणाले. मी वासरू पाहिलं आणि गप्प बसलो. चांगली भरलेली कालवड, अंगावर पूर्ण केस, दात आलेले. तीन आठवडे आधी जन्मलेलं वासरू असं दिसत नाही.

रेतनाचं कार्ड मागितलं. कार्डावर २२ फेब्रुवारी होती. काकाजींनी मग सहज सांगितलं की त्याआधी १ तारखेलाही भरली होती, पण एकवीस दिवसांनी परत माज दाखवला म्हणून पुन्हा भरली, आणि नव्या कार्डावर नवी तारीख आली. गाभण गाय कधी कधी माज दाखवते, हे कुणालाही नवीन नाही. गंगी पहिल्याच रेतनाला गाभण राहिली होती. १ फेब्रुवारीपासून ७ नोव्हेंबर म्हणजे २७९ दिवस. ती अगदी वेळेवर व्याली होती. चुकलेलं होतं ते कॅलेंडर.

आणि इथे मला माझा हात आठवला. १० मे रोजी मी तिची गाभण तपासणी केली होती. कार्डाप्रमाणे ७७ दिवस, प्रत्यक्षात ९८. या दोन वयांतलं गर्भाशय हाताला वेगळं लागतं. ९८ व्या दिवशी ते खाली उतरू लागलेलं असतं, पाण्याचं वजन जाणवतं. मला ते जाणवलं होतं. मी कार्ड पाहिलं, 'अडीच महिने' लिहिलं आणि पुढच्या कोठ्यात गेलो. हाताला जे लागलं ते मी कार्डाला जुळवून घेतलं.

म्हणजे ३० सप्टेंबर ते ७ नोव्हेंबर, भाकडकाळ ३८ दिवस. ४२ च्या आत. दुसरं वाक्य लागू: ४२ अधिक ४, दूध १५ नोव्हेंबरनंतर. ते ११ ला गेलं. प्रकरण इथे संपायला हवं होतं आणि मी वही मिटतही होतो. पण पट्टीवरची रेघ पार पुसली गेली होती, नुसती फिकी नव्हती, आणि गंगीचं दूध तीन जनावरांच्या दुधात मिसळूनही केंद्रावर नापास झालं होतं. ३८ दिवसांच्या शेपटाला हे जरा जास्तच वाटलं. म्हणून चारही सडांचं दूध वेगळं काढलं.

पुढचे दोन सड: रेघ जराशी फिकी. मागचा उजवा: तसाच. मागचा डावा: कोरा.

"या सडात काही टाकलं होतं का?" मी विचारलं. काकाजी काकूंकडे पाहू लागले.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट होती. वहीत काकूंच्या हातची नोंदही सापडली, ८ ऑक्टोबर. मागचा डावा सड सुजला, पिळल्यावर पाण्यासारखं निघालं. मला फोन केला नाही, कारण मी आलो की दोन-तीनशे लागतात. फळीवर एक ड्राय ट्यूब होती. ती आली कुठून? मागच्या वर्षी दुसरी एचएफ आटवली तेव्हा मी चार ट्यूब लिहून दिल्या होत्या. त्या गाईचा एक सड जुन्या कासदाहानं बंद आहे. तीन लागल्या, एक उरली. "उरली होती न एक. फेकू कशाले?" काकाजी म्हणाले. चिठ्ठीवर चार लिहिताना ती गाय तीन सडांची आहे हे मला माहीत होतं. सवयीनं चार लिहिलं.

तर गंगीच्या त्या सडाचा हिशेब ३० सप्टेंबरपासून लागतच नव्हता. ८ ऑक्टोबर अधिक ४२ म्हणजे १९ नोव्हेंबर, अधिक ४ म्हणजे २३. आणि तोही धरून चालायचा हिशेब. कारण पत्रकातले दिवस निरोगी कासेत, एका सडात एक ट्यूब, अशा गाईंवर मोजलेले असतात. सुजलेल्या सडात आठ दिवसांत दुसरी ट्यूब गेली तर किती दिवस, हे कुठल्याच पत्रकावर नसतं.

एक ट्यूब केवढी असते हे काकाजींना सांगायला मी आकडा केला. ५०० मिलिग्रॅमला ३० मायक्रोग्रॅमनं भागा: साडेसोळा हजार लिटर दूध मर्यादेवर नेण्याइतकं औषध तिच्यात असतं. त्यांचा २२ लिटरचा कॅन नापास करायला ट्यूबचा साडेसातशेवा हिस्सा पुरला. ते बराच वेळ बोटं मोजत होते. मग म्हणाले, "एवढंसं?"

खरवस

सगळ्यात अवघड भाग दुधाचा नव्हता. निघता निघता मी विचारलं की पहिल्या चार दिवसांचं काय केलं. काकूंनी सरळ सांगितलं: चीक वासराला पाजला, उरलेल्याचा खरवस केला. घरात खाल्ला, शेजारच्या तीन घरांत वाटला, आणि एक डबा मानेवाड्याला लेकीकडे गेला. लेकीला दोन लहान मुलं.

मी 'चार दिवस दूध वापरू नका' म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं होतं 'चार दिवस केंद्रावर देऊ नका', कारण केंद्र चिकाचं दूध तसंही घेत नाही, उकळलं की ते फाटतं. दोन नियमांचे दिवस योगायोगानं सारखे होते. त्यामुळे त्यांनी माझं म्हणणं पाळलं असं आम्हा दोघांनाही वाटत राहिलं. औषध सगळ्यात जास्त असतं ते पहिल्या धारांतच, आणि वाफवून ते जात नाही. उकळण्यानं बीटा-लॅक्टम थोडंसं कमी होतं, संपत नाही.

लेकीला फोन लावला. मुलांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, एवढंच विचारलं. ज्याला ती असते त्याला फार थोडं औषधही पुरतं. तशी काही नव्हती, मुलं ठणठणीत होती. काकू मात्र त्यानंतर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. खरवस वाटणं हे त्या घराला गाय व्याल्याचा आनंद सांगणं आहे, त्यात कुणी औषध वाटत नाही. मी पाठीमागून काहीतरी समजुतीचं बोललो, ते नीट जमलं नाही.

दहा दिवस

१४ च्या संध्याकाळी पुढचे दोन आणि मागचा उजवा सड पट्टीवर पूर्ण स्वच्छ आले. पत्रकाच्या ४६ दिवसांच्या एक दिवस आधी, हिशेब जुळला. काकाजींनी विचारलं की डावा सड वेगळा पिळून फेकतो, बाकी तिघांचं देऊ का. मी नाही म्हटलं. एका सडातलं औषध रक्तातून इतर सडांत थोडं का होईना पोचतं, आणि अंधारात पहाटे पाचला चार सड वेगळे राखणं हे कागदावरचं काम आहे.

फेकलेल्या दुधाचं काय करायचं यावर वाद झाला. दूध मातीत ओतणं काकूंना मान्य नव्हतं. कालवडीला पाजू म्हणाल्या. थोड्याशा अँटिबायोटिकवर वाढलेल्या वासराच्या आतड्यात नेमके तेच जंतू तगतात ज्यांना ते औषध चालत नाही, म्हणून तेही नको म्हटलं. गोबर गॅसमध्येही नको, तिथेही जंतूच काम करतात. शेवटी बागेच्या टोकाला खड्डा केला. ११ लिटर रोज, दहा दिवस, लिटरला ३२ रुपये: ३,५२० रुपये, शिवाय परत आलेल्या कॅनचे ७०४. माझी तपासणी फी मी घेतली नाही. मोठेपणा नव्हे, हिशेबानं ती माझ्याच बाजूला पडत होती.

म्हशीचं दूध दोन दिवस बाजूला ठेवलं आणि तिचा विषय संपला.

२१ च्या संध्याकाळी डाव्या सडाची रेघ आली. २२ च्या सकाळीही आली. काकाजी पट्टी उजेडात धरून म्हणाले, "रेघ तं आली न साहेब, मंग अजून दोन दिवस कायले?" पट्टी फक्त तिच्या पातळीच्या वर की खाली एवढंच सांगते, किती खाली ते नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं असं नाही. कॅन परत येण्याची भीती जास्त कामाला आली. २३ च्या संध्याकाळी गंगीचं दूध केंद्रावर गेलं. केंद्रावरच्या मुलानं काही न विचारता पट्टी लावली. तीन रेघा.

केंद्रावर तेव्हापासून मी एक कागद लावला आहे: कोणती पट्टी कोणतं औषध पाहते आणि कोणतं पाहत नाही. चिठ्ठीवर ट्यूबची संख्या मी आता गाईचे चालू सड मोजून लिहितो. गाभण तपासणीत हात आणि कार्ड यांचं पटलं नाही तर दोन्ही तारखा लिहितो, आणि औषधाचे दिवस लवकरच्या तारखेवरून मोजतो.

आणि कोठ्याच्या भिंतीवर गेरूनं लिहितो, कारण पत्रक पहिल्या आठवड्यात चुलीत जातं. जनावराचं नाव, ट्यूबची तारीख, आणि 'या तारखेआधी व्याली तर फोन'. जानेवारीत दुसरी एचएफ आटवली तेव्हा काकाजींच्या भिंतीवर तेच लिहिलं. तीन ट्यूब दिल्या. पुढच्या महिन्यात गेलो तर माझ्या ओळींखाली काकूंच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: 'चीक कोणाले देऊ नये.'